नैराश्यावरचे उपचार : गोळ्या, थेरपी, दिनचर्या. कोणत्या टप्प्यावर काय?

मृण्मयी_स

नैराश्याचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एकीकडे 'गोळ्यांच्या नादी लागू नकोस, फिरायला जा, मन रमव' म्हणणारे. दुसरीकडे 'हा मेंदूचा आजार आहे, गोळी घे आणि मोकळा हो' म्हणणारे. भावाच्या आजारपणात मी दोन्ही बाजूंचं पोटभर ऐकून घेतलं आणि त्या काळात वाचलंही बरंच. त्यातून माझं एक मत तयार झालंय. इथल्या अनुभवी लोकांनी त्यावर बोलावं म्हणून हा धागा.

गोळी, थेरपी आणि दिनचर्या यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न रुग्णाच्या काही कामाचा नाही. त्याच्या कामाचा प्रश्न एकच: आज, या अवस्थेत, याला काय झेपेल? ज्याला उठून दात घासायला दुपार होते, त्याला रोज पाऊण तास पळायला सांगणं निर्दयपणाचं आहे. आणि जो कामावर जातोय, जेवतोय, झोपतोय, पण ज्याचा कशातच जीव रमत नाहीये, त्याच्या हातात पाच मिनिटांत चिठ्ठी ठेवून त्याला वाटेला लावणं हेही बरोबर नाही.

अवस्था ठरवायला बरेच डॉक्टर पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली वापरतात. गेल्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे एकूण २७. ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम-तीव्र आणि २० पासून पुढे तीव्र. नुसत्या गुणांवरून निदान होत नाही, ते डॉक्टरच बोलून, तपासून करतात. पण दोन-तीन आठवड्यांनी तोच कागद पुन्हा भरला की उपचार कुठे चाललेत ते दिसतं. भावाच्या बाबतीत त्याचा फार आधार झाला, कारण 'काहीच फरक नाही' असं तो म्हणत असताना झोपेचे आणि भुकेचे गुण उतरलेले दिसत होते.

ही तीव्रता महत्त्वाची का? २०१० साली सहा चाचण्यांमधल्या रुग्णांची माहिती एकत्र करून एक विश्लेषण झालं. त्यात सौम्य नैराश्यात खरी गोळी आणि खोटी (औषध नसलेली) गोळी यांत फारसा फरक दिसला नाही, पण फार तीव्र नैराश्यात चांगलाच दिसला. सगळ्या रुग्णांना एका मापात घालून केलेला वाद का मिटत नाही, याचं उत्तर मला तिथे सापडलं.

ज्यांनी स्वतः उपचार घेतलेत, ज्यांनी घरच्या कुणाला सांभाळलंय आणि जे या क्षेत्रात काम करतात, त्या सगळ्यांनी लिहावं ही विनंती.

घननीळ

चांगला विषय. वाचतोय.

शलाका२१

मृण्मयी, 'काय झेपेल' हा मुद्दा अगदी पटला. मी गोळ्या घेतल्यात, म्हणून सुरुवातीच्या दिवसांबद्दल लिहिते. त्याबद्दल कुणी नीट सांगत नाही.

साइड इफेक्ट आधी येतात आणि गुण नंतर. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकं जड, पोट बिघडलेलं, जिवाची तगमग. मूडमध्ये मात्र काडीचा फरक नाही. अशा वेळी कुठल्याही माणसाला वाटणारच की ही गोळी आपल्याला सोसत नाही. साधारण २ ते ४ आठवड्यांत थोडा उजेड दिसायला लागतो आणि पूर्ण अंदाज यायला ६ ते ८ आठवडे लागतात, हे मला आधीपासून माहीत होतं म्हणूनच मी टिकले. बहुतेकांची मळमळ आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. लैंगिक इच्छा कमी होणं आणि भावना बोथट होणं मात्र बऱ्याच जणांना रेंगाळून त्रास देतं. संकोच न करता ते डॉक्टरांना सांगायला हवं. डोस बदलता येतो, गोळीही बदलता येते.

गोळीने मी आनंदी झाले का? नाही. माझ्यात आणि दिवसात जी भिंत उभी होती ती थोडी खाली आली. फोन उचलता येऊ लागला, वाचलेलं वाक्य डोक्यात राहू लागलं. पुढचं सगळं त्यानंतर सुरू झालं.

तर्कशुद्ध

धाग्याच्या विरोधात लिहितोय, राग नसावा. २०२२ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. नैराश्य सेरोटोनिन कमी झाल्यामुळे येतं याला सुसंगत पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. इतकी वर्षं 'मेंदूतलं रसायन कमी पडलंय, ते भरून काढू' असं सांगून लोकांना गोळ्या दिल्या. कारणच खोटं निघालं तर गोळीवर विश्वास का ठेवायचा? माझ्या बहिणीला गोळ्या सुरू करायला सांगितलंय, म्हणून मनापासून विचारतोय.

धन्वी

तर्कशुद्ध, प्रश्न रास्त आहे. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. इथे कुणाला वैयक्तिक सल्ला देणार नाही, पण या प्रश्नाचं उत्तर देतो.

'रसायन कमी पडलंय' ही गोष्ट फार सोपी करून सांगितली गेली आणि ती तशी सांगायला नको होती. पण औषध आधी आलं आणि ही गोष्ट मागाहून, हा क्रम ध्यानात घ्या. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला क्षयाच्या रुग्णांवर इप्रोनियाझिड वापरत होते, तेव्हा रुग्ण अनपेक्षितपणे उल्हसित झालेले दिसले. त्याच दशकात स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून इमिप्रामिन हे औषध स्किझोफ्रेनियासाठी वापरून बघत होते. तिथे ते चाललं नाही, पण नैराश्याच्या रुग्णांना उतार पडला. १९५७ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. ही औषधं शरीरात काय करतात याचा शोध त्यानंतर सुरू झाला. तेव्हा सिद्धांत डळमळला म्हणून गोळीचा गुण खोटा ठरत नाही. तो चाचण्यांवरून ठरतो.

चाचण्या काय सांगतात? २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्यांचं एकत्र विश्लेषण आलं. त्यात एकूण १,१६,४७७ रुग्ण आणि २१ औषधं होती. अल्पकालीन उपचारात सगळी औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण सरासरी फरक माफक होता. सरासरी माफक याचा अर्थ काहींना खूप गुण येतो, काहींना थोडा आणि काहींना येतच नाही. कुणाला कुठली गोळी लागू पडेल हे आधी सांगणारी खात्रीची तपासणी आज आमच्याकडे नाही. म्हणून पहिल्या गोळीने उतार पडला नाही तर हताश होऊ नये आणि डॉक्टरांनीही महिनोन्महिने तीच चिठ्ठी पुढे चालवू नये.

गोळी निवडताना बरंचसं साइड इफेक्टकडे बघून ठरतं. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांसारख्या एसएसआरआय (सेरोटोनिनवर काम करणाऱ्या) गटातल्या गोळ्या सहसा आधी येतात, कारण त्या तुलनेने सुरक्षित आहेत. झोप आणि भूक गेलेल्याला मिर्टाझापिन उपयोगी पडतं, पण वजन वाढतं. लैंगिक त्रास नको असेल तर ब्युप्रोपिऑनचा विचार होतो, पण फिट येण्याचा इतिहास असेल तर ते देत नाहीत. अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधं गुणकारी आहेत, पण जास्त प्रमाणात पोटात गेली तर हृदयाला घातक ठरतात. आत्महत्येचा धोका असलेल्या रुग्णाच्या घरी त्यांचा साठा असू नये.

बहिणीसोबत जाणार असाल तर डॉक्टरांना दोन गोष्टी आवर्जून सांगा. एक, तिला आधी कधी उलट टोकाचा काळ आला होता का? म्हणजे झोपेची गरजच वाटत नाही, बोलणं थांबत नाही, पैसा बेभान खर्च होतोय असा. तसं असेल तर ते बायपोलर असू शकतं. त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर रुग्ण उन्मादात जाऊ शकतो. दुसरं, सध्या चालू असलेली सगळी औषधं, झाडपाल्याची धरून. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती एसएसआरआयबरोबर घेतली तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाच्या बाबतीतही तेच. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ एकदा तपासून घेतलेलं बरं, कारण त्यांच्या बिघाडातही असाच थकवा आणि उदासी येते.

बहीण पंचविशीच्या आतली असेल तर आणखी एक. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ साली मुलं आणि किशोरवयीनांसाठी, तर २००७ साली २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी सूचना काढली, की सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हणून गोळी देऊच नये असं नाही. पहिल्या काही आठवड्यांत आणि डोस बदलल्यावर घरच्यांनी बारीक लक्ष ठेवायचं आणि डॉक्टरांनी लवकर लवकर बोलवायचं.

तर्कशुद्ध

धन्वी, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. उलट टोकाच्या काळाबद्दल आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. आईशी बोलून तसं कधी झालं होतं का ते बघतो.

अंतरा_प

मी समुपदेशक आहे. धन्वींनी गोळ्यांबद्दल लिहिलं, मी थेरपीबद्दल लिहिते. 'नुसतं बोलून काय होणार' हे वाक्य मला रोज ऐकावं लागतं.

नैराश्यासाठी ज्या थेरपींचा चांगला अभ्यास झालाय, त्यांत नुसतं बोलणं नसतं. सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागणूक यांवर काम करणाऱ्या थेरपीचा, पाया १९६०च्या दशकात आरोन बेक यांनी घातला. त्यात आपोआप येणारे विचार पकडून तपासायला शिकवतात. 'मित्राने उत्तर दिलं नाही, म्हणजे मी त्याला नकोसा झालोय' असा विचार आला तर तो कागदावर उतरवायचा, त्याच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा लिहायचा आणि मग मित्राला खरंच विचारून बघायचं. दोन भेटींच्या मधल्या दिवसांत घरी करायचा अभ्यास असतो आणि निम्मा उपचार तिथेच होतो. आंतरव्यक्ती थेरपी, म्हणजे आयपीटी, वेगळ्या अंगाने जाते. जवळच्या माणसाचा मृत्यू, नात्यातली तेढ, निवृत्ती किंवा बाळंतपणासारखा भूमिकेतला बदल यांतल्या ज्या एखाद्या गोष्टीशी हे नैराश्य जोडलेलं आहे, तिच्यावर लक्ष ठेवून ठरावीक भेटींत काम होतं.

पण मृण्मयींच्या प्रश्नाला सर्वांत जवळची आहे कृतीपासून सुरुवात करणारी बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन. विचारांशी झुंजण्याची ताकद नसलेल्या माणसालाही ती झेपते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नैराश्यात माणूस टाळत जातो. फोन वाजतो, तो उचलत नाही, क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. मग अपराधी वाटतं, म्हणून पुढचा फोन उचलणं आणखी अवघड होतं. हळूहळू दिवसातलं बरं वाटणारं आणि 'हे मला जमलं' असं वाटायला लावणारं सगळंच गळून पडतं आणि त्या रिकाम्या दिवसामुळे उदासी वाढते. ही साखळी कृतीच्या बाजूने तोडायची.

पहिला आठवडा फक्त नोंद ठेवायची. दर तासाला आपण काय करत होतो ते एका ओळीत लिहायचं आणि पुढे ० ते १० मध्ये दोन आकडे टाकायचे: किती बरं वाटलं आणि किती जमल्यासारखं वाटलं. बदल काही करायचा नाही. 'दिवसभर सारखंच वाईट वाटतं' असं म्हणणाऱ्या माणसाच्या नोंदीतही ० आणि ३ असे फरक निघतात. दुसऱ्या आठवड्यात त्या ३ वाल्या गोष्टी ठरावीक वेळी वहीत मांडायच्या, त्याही अगदी छोट्या करून. 'घर आवरीन' असं लिहायचं नाही. 'अकरा वाजता टेबलावरचे कागद एका ढिगात ठेवीन' असं लिहायचं. आणि ठरलेली वेळ आली की मूड कसा आहे ते न बघता करायचं. इच्छा झाली की करू, असं म्हटलं तर नैराश्यात ती इच्छा येतच नाही. बहुतेकदा कृती आधी होते आणि इच्छा मागून येते.

२०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये ४४० रुग्णांवरची एक चाचणी आली. त्यात ही पद्धत थोडक्या प्रशिक्षणाच्या कनिष्ठ कार्यकर्त्यांनी वापरली, तर सीबीटी अनुभवी मानसोपचारकांनी दिली. वर्षानंतर ही पद्धत सीबीटीपेक्षा कमी पडलेली दिसली नाही.

रानवाट

अंतराताई, हे घरच्या घरी करता येईल का? थेरपिस्टकडे दर आठवड्याला जाणं मला परवडणारं नाही.

अंतरा_प

रानवाट, नोंदवही आणि छोटी कामं घरी नक्की सुरू करता येतील. जवळचं कुणी आठवड्यातून एकदा ती वही सोबत बसून बघणारं असेल तर टिकून राहणं सोपं जातं. शिवाय थेरपिस्ट म्हणजे मोठी पदवीच हवी असंही नाही. झिम्बाब्वेमध्ये प्रशिक्षण दिलेल्या वयस्कर स्त्रिया दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून लोकांशी बोलतात आणि प्रश्न सोडवायच्या पद्धतीने ६ भेटी घेतात. त्या उपक्रमाची ५७३ लोकांवरची चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा त्यात लोकांना स्पष्ट जास्त फायदा झाला. तुमच्या जवळ सरकारी मानसोपचार विभाग किंवा विद्यापीठाचं प्रशिक्षण केंद्र असेल तर चौकशी करा, अशा ठिकाणी कमी खर्चात भेटी मिळू शकतात.

मात्र महिनाभर प्रामाणिकपणे करूनही पीएचक्यू-९चे गुण खाली येत नसतील, किंवा मरणाचे विचार येत असतील, तर एकट्याने करत राहू नका. डॉक्टरांकडे जा.

पाऊलवाट

मी चालण्या-पळण्याच्या बाजूने लिहितो. १९९९ साली पन्नाशीपुढच्या १५६ रुग्णांचे तीन गट करून १६ आठवडे एक प्रयोग झाला. एका गटाला फक्त व्यायाम, दुसऱ्याला फक्त सर्ट्रालिन, तिसऱ्याला दोन्ही. शेवटी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. पुढे काही महिन्यांनी पाहिलं तर बरे झालेल्यांपैकी व्यायामाच्या गटात आजार कमी जणांना उलटला होता. २०२४ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात २१८ अभ्यासांचा आढावा आला. त्यातही चालणं-जॉगिंग, योग आणि वजनाचे व्यायाम यांचा चांगला परिणाम दिसला. मग आधी गोळीच का?

मृण्मयी_स

पाऊलवाट, त्याच १९९९च्या प्रयोगातली दुसरी बाजूही बघा. सुरुवातीच्या आठवड्यांत गोळीच्या गटाला लवकर उतार पडला, व्यायामाच्या गटाला वेळ लागला. आणि तो व्यायाम देखरेखीखाली, आठवड्यातून ३ दिवस, गटाने होत होता. जे लोक तिथवर पोहोचू शकत होते त्यांचे ते निकाल आहेत. माझा भाऊ त्या काळात खोलीच्या दारापर्यंत येत नव्हता. त्याला तुम्ही तेव्हा हे आकडे दाखवले असते तर त्याने एवढाच अर्थ काढला असता, की लोक नुसतं चालून बरे होतात आणि मला तेही जमत नाही.

आधी गोळीच, असं माझं म्हणणं नाही. सौम्य अवस्थेत व्यायाम आणि थेरपी पुढे असावी हे मला मान्य आहे. तीव्र अवस्थेत मात्र व्यायामाची पाळी जरा मागून येते, आणि आली की ती सोडू नये. भाऊ गोळीने थोडा हलायला लागल्यावर आम्ही चालणं सुरू केलं तेही दारापासून फाटकापर्यंत. अंतर वाढवायची घाई केली नाही, वेळ मात्र रोज तीच ठेवली.

दिनचर्येत झोपेबद्दल कमी बोललं जातं. उठायची वेळ रोज एकच ठेवणं आणि उठल्यावर उजेडात जाणं, या दोन गोष्टींचा आम्हाला सर्वांत जास्त उपयोग झाला. रात्री झोप आली नाही तरी सकाळची वेळ हलवली नाही. दारूचंही स्पष्ट लिहिते. पहिले तास-दोन तास बरं वाटतं, पण झोपेचा विचका होतो, दुसऱ्या दिवशी उदासी वाढते आणि गोळीचा गुंगीचा परिणामही वाढू शकतो. आहाराबद्दल २०१७ सालची ६७ जणांवरची एक चाचणी आशादायक आहे. भाज्या, फळं, कडधान्यं, मासे यांवर भर दिलेल्या गटात १२ आठवड्यांनी ३२ टक्के लोक आजारातून बाहेर आले, तुलनेच्या गटात ८ टक्के. चाचणी लहान आहे आणि त्यातले बरेच जण गोळ्या किंवा थेरपी घेतच होते. म्हणून आहाराला मी जोड म्हणेन, एकटा उपचार म्हणणार नाही.

पाऊलवाट

'मला तेही जमत नाही' हा मुद्दा पटला. हे त्या बाजूने पाहायला हवं.

निरंजना

नवऱ्याला तीव्र नैराश्य आहे. गोळ्या नुकत्याच सुरू झाल्यात. मी काय बोलू, काय नको, हेच कळत नाही. 'जगून काय करायचंय' असं तो दोनदा म्हणाला. मी विषय बदलला, कारण त्यावर बोललं तर त्याच्या डोक्यात ते जास्त पक्कं होईल अशी भीती वाटली.

धन्वी

निरंजनाताई, हे आजच डॉक्टरांना कळवा, पुढच्या भेटीची वाट बघू नका. आणि त्यांना थेट विचारा, 'जीव द्यायचा विचार मनात येतो का? कसा करायचा हे ठरवलंय का?' असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. आजवरच्या अभ्यासांत तसा धोका दिसलेला नाही. उलट बरेच रुग्ण सांगतात की कुणीतरी विचारल्यावर हलकं वाटलं. उत्तर 'हो' आलं आणि मनात काही योजना असेल, तर त्यांना एकटं सोडू नका. आपत्कालीन विभागात घेऊन जा किंवा तुमच्याकडच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

गोळ्यांचं पाकीट तुमच्याकडे ठेवा आणि रोज लागेल तेवढंच द्या. घरातली कीटकनाशकं, जुनी उरलेली औषधं, धारदार वस्तू हाताशी राहणार नाहीत असं करा. असा झटका बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो आणि साधन हाताशी नसलं तर तो ओसरतो.

मृण्मयी_स

निरंजना, आधी फोन करा, हे नंतर वाचा.

बोलण्याबद्दल: 'विचार करू नकोस', 'तुला काय कमी आहे', 'माझ्याकडे बघ, मी कशी सगळं सोसते' ही वाक्यं टाळा. 'मी इथे आहे, बोलायचं नसलं तरी चालेल' हे पुरतं. 'काय हवंय?' यापेक्षा 'अंघोळीला गरम पाणी काढते, चल' हे सोपं, कारण त्या अवस्थेत साधा निर्णय घेणंसुद्धा जड जातं. डॉक्टरांकडे सोबत जा, कारण रुग्ण निम्मं सांगायचं विसरतो. आणि तुमची झोप सांभाळा. रात्रीची जबाबदारी वाटून घेणारं घरात किंवा नात्यात कुणी असेल तर आजच विचारा.

निरंजना

फोन केला. उद्या सकाळीच बोलावलंय. मोठा दीर आज रात्री आमच्याकडे राहायला येतोय. नवऱ्याला विचारलं. तो रडला, पण बोलला. ठरवलेलं काही नाही म्हणाला. पाकीट माझ्याकडे घेतलंय.

शलाका२१

निरंजनाताई, खूप बरं वाटलं वाचून. उद्या काय म्हणतात ते इथे कळवा.

मुक्तछंद

मला गोळ्या घेऊन बरेच महिने झाले. आता अगदी बरं वाटतंय, कामही नीट चाललंय. घरचे म्हणतात, आता कशाला? आयुष्यभर घ्यायच्या का? खरं सांगायचं तर मलाही बंद करावंसं वाटतंय. सवय लागली असेल का, हीही भीती आहे.

धन्वी

मुक्तछंद, बऱ्याच जणांचा आजार याच वळणावर उलटतो, म्हणून थोडं लांब लिहितो.

पूर्ण बरं वाटायला लागलं त्या दिवसापासून किमान ६ ते ९ महिने तोच डोस चालू ठेवावा, हा सर्वसाधारण नियम आहे. मोजायचं ते बरं वाटल्यापासून, पहिल्या गोळीपासून नाही. आजार आधीही उलटून गेला असेल तर २ वर्षं किंवा त्याहून जास्त सुचवतात. बहुतेकांना आयुष्यभर लागत नाहीत, काहींना लागतात.

बंद केल्यावर काय होतं याची एक चांगली चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. बराच काळ गोळ्या घेणाऱ्या आणि 'आता थांबावं' असं वाटणाऱ्या ४७८ जणांचे दोन गट केले. एका गटाच्या गोळ्या चालू ठेवल्या, दुसऱ्याच्या हळूहळू थांबवल्या आणि कोण कुठल्या गटात हे कुणालाच माहीत नव्हतं. वर्षभरात चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना आजार उलटला, थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना. म्हणजे थांबवल्याने धोका वाढतो हे खरं, आणि थांबवलेल्यांपैकी ४४ टक्के लोक वर्षभर ठीक राहिले हेही खरं. निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा, पण हे आकडे समोर ठेवून घ्या.

सवयीबद्दल: दारू किंवा झोपेच्या काही गोळ्यांसारखी ओढ या गोळ्यांची लागत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. पण शरीराला त्यांची सवय होते आणि एकदम बंद केल्या तर त्रास होतो. चक्कर, मळमळ, विचित्र स्वप्नं, चिडचिड, डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं वाटणं. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिनला हे जास्त होतं. फ्लुओक्सेटिन शरीरातून सावकाश जातं, म्हणून त्याला कमी.

हा त्रास आणि आजार उलटणं यांत गल्लत होते. बंद करण्याचा त्रास सहसा डोस कमी केल्यापासून काही दिवसांतच सुरू होतो, त्यात नैराश्यात नसलेली चक्कर आणि झटके असतात आणि डोस पुन्हा दिला की लवकर थांबतो. आजार बहुधा आठवड्यांनी, महिन्यांनी, हळूहळू परततो. म्हणून महिन्या-महिन्यांच्या टप्प्यांनी कमी करत आणायचं आणि शेवटचे टप्पे सर्वांत बारीक ठेवायचे. गोळी जिथे काम करते ती जागा थोड्याशा डोसनेही बरीच व्यापलेली असते, त्यामुळे निम्म्यावरून शून्यावर येणं शरीराला पूर्णावरून निम्म्यावर येण्यापेक्षा जड जातं. दिवसाआड गोळी घेऊन बंद करू नका, रक्तातली पातळी सारखी वरखाली होते.

अंतरा_प

मुक्तछंद, याला एक जोड देते. थांबवायचं ठरलंच तर त्याआधी थेरपीच्या काही भेटी करून घ्या. २००५ सालच्या एका अभ्यासात मध्यम ते तीव्र नैराश्यातून बरे झालेल्यांवर वर्षभर लक्ष ठेवलं. गोळी थांबवलेल्यांपैकी ७६ टक्क्यांचा आजार उलटला, थेरपी घेऊन ती थांबवलेल्यांपैकी ३१ टक्क्यांचा. अभ्यास लहान होता, पण थेरपीत शिकलेलं पुढे आपल्याजवळ राहतं ही गोष्ट इतर अभ्यासांतही दिसली आहे. वारंवार उलटणाऱ्यांसाठी सजगतेवर आधारित ८ आठवड्यांचा वर्ग, म्हणजे एमबीसीटी, तर याच कामासाठी बनवलेला आहे.

आजार उलटण्याच्या स्वतःच्या पहिल्या खुणाही आत्ताच लिहून ठेवा. कुणाची पहाटे ४ वाजता झोप उडते, कुणी मित्रांना टाळायला लागतं. त्या खुणा घरातल्या एकाला तरी माहीत असू देत.

मुक्तछंद

दोघांचेही आभार. निम्म्यावरून शून्याबद्दल पहिल्यांदाच कळलं. पुढच्या भेटीत डॉक्टरांशी बोलून टप्पे ठरवतो, तोवर आहे तोच डोस.

घननीळ

शॉक ट्रीटमेंटबद्दल कुणी लिहिलं नाही. ऐकूनच भीती वाटते. अजून देतात का?

धन्वी

देतात, आणि अतितीव्र नैराश्यात, रुग्णाने खाणंपिणं सोडलं असेल किंवा जिवाचा धोका तातडीचा असेल, तर ईसीटीइतका, म्हणजे या शॉक ट्रीटमेंटइतका, लवकर गुण देणारे उपचार फार थोडे आहेत. १९३८ साली सुरुवात झाली तेव्हा भूल नव्हती. आता भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध देऊनच करतात. त्या काळातल्या आठवणी पुसट होणं हा मुख्य दुष्परिणाम. बऱ्याच जणांचं पुष्कळसं परत येतं, काहींच्या काही आठवणी कायमच्या जातात आणि हे आधी सांगायलाच हवं. दोन-तीन गोळ्या पुरेशा डोसमध्ये, पुरेसा काळ देऊनही उतार नसेल तर लिथियमसारख्या औषधाची जोड, मेंदूला चुंबकीय लहरी देणारा आरटीएमएस, एसकेटामिन हे औषध असे इतरही मार्ग आहेत.

वसुधा_क

माझ्या वडिलांना पंचाहत्तरीनंतर नैराश्यासाठी एसिटालोप्राम सुरू झालं. मूड बरा आहे, पण गेल्या काही दिवसांत ते गोंधळल्यासारखे वागतात आणि चालताना तोल जातो. वयामुळे असेल का? ब्लडप्रेशरची, लघवी वाढवणारी गोळीही आहे त्यांना.

धन्वी

वसुधाताई, वयावर सोडू नका. उतारवयात एसएसआरआयने रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं, विशेषतः गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीबरोबर तो धोका वाढतो. गोंधळ आणि तोल जाणं ही त्याची लक्षणं असू शकतात. आजच डॉक्टरांना फोन करून दोन्ही गोळ्यांची नावं सांगा आणि सोडियमची तपासणी करून घ्या. झोप अनावर झाली, फिट आली किंवा उलट्या सुरू झाल्या तर थेट रुग्णालयात न्या. गोळी स्वतःहून बंद करू नका, तपासणीचा आकडा बघून डॉक्टर ठरवतील. आणि तोवर त्यांना एकट्याने बाथरूमला जाऊ देऊ नका.